घरच्या स्वयंपाकघरासाठी मोठ्या आचेची गॅस रेंज: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

दोन वर्षांपूर्वी मी सहा बर्नरची, सुमारे नव्वद सेंटिमीटर रुंदीची आणि खाली ओव्हन असलेली गॅस रेंज घेतली. निवड करायला सात महिने लागले. त्यातले पहिले पाच महिने मी चुकीच्या आकड्याकडे पाहत होतो, हे आता मोकळेपणाने सांगता येते. तो आकडा म्हणजे सर्वांत मोठ्या बर्नरची कमाल शक्ती. माहितीपत्रकात तोच ठळक छापलेला असतो, विक्रेता तोच प्रथम सांगतो आणि दोन रेंजची तुलना करताना आपणही नकळत तोच पुढे करतो. पुढील परीक्षण माझ्या रेंजचे आहे, पण कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझ्या तक्रारी बहुतांशी जोडणीच्या आहेत आणि माझे समाधान बर्नरच्या रचनेचे आहे. ती रचना एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या रेंजमध्ये मिळते.

मोठी आच हवी कशाला, हा प्रश्न आधी निकालात काढायला हवा. पाणी लवकर उकळते हे खरे असले तरी ते दुय्यम कारण आहे. खरे कारण परतण्यात आहे. कढई कडकडीत तापवून तिच्यात भाज्या टाकल्या, की कढईत साठलेली उष्णता त्या थंड, ओल्या ढिगात काही सेकंदांत निघून जाते. खालची आच ती तूट त्याच वेगाने भरून काढू शकली नाही, तर भाज्यांतून सुटणारे पाणी वाफ होऊन उडून जाण्याऐवजी कढईच्या तळाशी साचते आणि परतण्याचे काम शिजवण्यात बदलते. माझ्या जुन्या शेगडीवर दोन माणसांपुरते साहित्य नीट परतले जाई, पण सहा माणसांपुरते टाकले की तेच साहित्य स्वतःच्या पाण्यात गटांगळ्या खाई. ज्यांच्या घरी एका वेळी दोनतीन माणसांपुरताच स्वयंपाक होतो, त्यांनी जाड तळाचे चांगले भांडे घ्यावे आणि साहित्य दोन हप्त्यांत परतावे. मोठ्या रेंजवर होणाऱ्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात त्यांचा प्रश्न सुटेल.

आता त्या आकड्याविषयी. बर्नरची शक्ती तासाला किती बीटीयू (हे उष्णता मोजण्याचे एकक) किंवा किती किलोवॅट अशी सांगितली जाते, आणि १ किलोवॅट म्हणजे ताशी सुमारे ३,४१२ बीटीयू. घरगुती शेगडीचा साधा बर्नर ताशी ९,००० ते १२,००० बीटीयूच्या आसपास असतो, म्हणजे अडीच ते साडेतीन किलोवॅट. घरगुती वापरासाठीच्या मोठ्या रेंजमध्ये हा आकडा १५,००० पासून २५,००० पर्यंत जातो. उपाहारगृहातील रेंजचा उघडा बर्नर ३०,००० च्या घरात असतो आणि गोल बुडाच्या मोठ्या कढईसाठी बनवलेली धंद्याची भट्टी तर १,००,००० च्याही पुढे जाते. ही शेवटची ओळ वाचून, आपल्या घरच्या २२,००० च्या बर्नरवर त्या भट्टीचा खमंग धुरकट वास साधेल अशी आशा कोणी बाळगत असेल, तर ती सोडून द्यावी. जवळ जाता येते, पोहोचता येत नाही.

शिवाय हा आकडा बर्नरमध्ये जाणाऱ्या गॅसचा आहे, भांड्यात पोहोचणाऱ्या उष्णतेचा नव्हे. गॅसच्या उघड्या ज्योतीतली निम्म्याहून अधिक उष्णता बहुतेक वेळा भांड्याच्या कडेने वर निघून जाते, आणि ज्योत जितकी मोठी तितका हा वाटा वाढतो. मी घरी साधा प्रयोग केला. चार लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास जुन्या शेगडीच्या ९,००० बीटीयूच्या बर्नरवर साडेसतरा मिनिटे लागत. नव्या रेंजच्या मोठ्या बर्नरवर, ज्याची शक्ती आमच्या गॅसवर २०,००० आहे, त्याच पातेल्याला सुमारे साडेनऊ मिनिटे लागली. शक्ती सव्वादोनपट झाली, वेळ मात्र निम्म्याहून थोडा अधिकच राहिला, आणि हिशेब मांडला तर गॅस जवळजवळ एकपंचमांश जास्त जळला. रुंद बुडाच्या पातेल्यात हा फरक कमी होतो. ज्यांची बहुतेक भांडी वीस सेंटिमीटरच्या आतल्या बुडाची आहेत, त्यांच्या हाती मोठ्या बर्नरकडून तापलेल्या मुठी आणि तापलेले स्वयंपाकघर याखेरीज फारसे काही लागणार नाही.

इथेच एक आडवळण घेतो. ज्यांना फक्त पाणी, सार किंवा रस्सा झटपट उकळवायचा आहे, त्यांनी इंडक्शनचा विचार अवश्य करावा. त्यातली ऐंशी-पंचाऐंशी टक्के उष्णता भांड्यात जाते, त्यामुळे ३.७ किलोवॅटचे इंडक्शन उकळण्याच्या कामात ताशी २२,००० ते २५,००० बीटीयूच्या गॅस बर्नरच्या तोडीचे ठरते, आणि तेही स्वयंपाकघर न तापवता. मी गॅसकडे वळलो ते गोल बुडाच्या कढईमुळे आणि भांडे उचलून हलवत परतण्याच्या सवयीमुळे. ही दोन कारणे नसती तर हे परीक्षण वेगळ्याच वस्तूचे असते.

निवडीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे बर्नरची रचना, आणि त्याकडे दुकानात कोणीही लक्ष वेधत नाही. गॅस जेटच्या, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीच्या, बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडतो, जाताना काही हवा स्वतःबरोबर ओढून घेतो आणि ते मिश्रण बर्नरच्या छिद्रांशी जळते. रॉबर्ट बन्सेनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बर्नरचे तत्त्वही हेच आहे. परंतु एवढ्या हवेने ज्वलन पुरे होत नाही, उरलेली हवा ज्योतीला भोवतालून घ्यावी लागते. ही उरलेली हवा कोठून येते यावर मोठ्या बर्नरचे दोन पंथ पडतात. बंद बर्नरमध्ये बर्नरभोवतीचा पत्रा अखंड असतो, खाली काही सांडत नाही, पुसायला सोपे. पण हवा फक्त बाजूने आणि वरून येऊ शकते, म्हणून जाळी थोडी उंच ठेवावी लागते आणि ज्योत सहसा बाहेरच्या दिशेला फाकते. उघड्या बर्नरमध्ये भोवती मोकळी जागा असते, हवा खालून वर चढते, ज्योत उभी राहते आणि भांडे तिच्या अधिक जवळ बसवता येते. उघड्या बर्नरची जाळी काढून त्याच जागी गोल बुडाची कढई थेट ज्योतीत बसवण्याची सोयही बहुधा असते. माझी रेंज उघड्या बर्नरची आहे, आणि पुन्हा घ्यायची झाली तरी मी तीच घेईन.

ज्योतीच्या कड्याचा व्यास हा यातला दुसरा मुद्दा. शक्ती वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे बर्नरचे कडे मोठे करून छिद्रे वाढवणे. तसे केल्यावर आकडा वाढतो, पण मध्यभाग थंड राहतो. अशा बर्नरवर पातळ तवा ठेवून त्यावर पिठाचा हलका थर भुरभुरावा. काही वेळात पिठाचे तपकिरी वलय उमटते आणि मधला भाग पांढराच राहतो. मी दुकानांत हा प्रयोग करू देण्याची विनंती केली, तेव्हा तीन ठिकाणी नकार मिळाला आणि चौथ्या ठिकाणी मालकच उत्सुकतेने पाहायला आला. त्यांच्या दुकानातली सर्वांत मोठ्या आकड्याची रेंज या प्रयोगात सर्वांत मागे पडली, कारण तिच्या कड्याचा व्यास जवळजवळ चौदा सेंटिमीटर होता आणि मधे काहीच नव्हते.

ही अडचण कंपन्यांनी निरनिराळ्या तऱ्हेने सोडवली आहे. थर्माडोरच्या बर्नरचा आकार ताऱ्यासारखा असतो. ताऱ्याच्या खोबणींमुळे छिद्रांची एकूण लांबी वाढते आणि काही ज्योती केंद्राजवळ येतात. वुल्फच्या बंद बर्नरमध्ये एकावर एक अशी दोन कडी असतात. मोठ्या आचेला दोन्ही पेटतात, मंद आचेला फक्त खालचे. ब्लूस्टारच्या रेंजमध्ये उघडे बर्नर असून त्यांच्या भुजा केंद्राकडून बाहेर पसरतात, त्यामुळे मधला भाग उपाशी राहत नाही. तिन्ही रचनांमागे विचार आहे. केवळ मोठे गोल कडे आणि वर पितळी टोपण अशी रेंज पाहिली, की मी पुढे जातो. पितळाचे टोपण दिसते छान, उष्णताही सोसते, पण थंड मध्यभागावर तो उपाय नव्हे.

मंद आचेविषयी माझे मत अनेकांना उलटे वाटेल: मोठ्या आचेच्या रेंजची परीक्षा मंद आचेवर घ्यावी. २०,००० बीटीयूचा बर्नर किती खाली येतो? गॅसचा प्रवाह एका मर्यादेपलीकडे कमी केला तर ज्योत छिद्रांवर टिकत नाही, विझते किंवा मागे सरकून जेटपाशी पेटते. म्हणूनच दोन कड्यांची रचना उपयोगी ठरते, आणि म्हणूनच काही रेंजमध्ये मंद आचेला बर्नर ठरावीक काळाने आपोआप विझतो व पुन्हा पेटतो. ही दुसरी युक्ती काम करते, पण दर मिनिटाला होणारी ठिणग्यांची टिकटिक मला सहन झाली नसती. माझ्या रेंजमध्ये दोन्ही युक्त्या नाहीत. पाच बर्नर मध्यम आणि मोठे, आणि एकच छोटा, आमच्या गॅसवर ८,००० चा. मोठ्या बर्नरवर दाट रस्सा मंद ठेवू पाहिला तर तो तळाशी लागतोच. त्यासाठी मी जाड लोखंडी तबकडी भांड्याखाली ठेवतो. सहाच्या सहा जागांवर मोठी आच मागणाऱ्यांनी, आपण दिवसातून किती वेळा मोठी आच वापरतो आणि किती वेळा मंद, याची आठवडाभर नोंद ठेवावी. माझ्या नोंदीत मंद आचेचे तास मोठ्या आचेच्या पाचपट निघाले, आणि तरीही मी एकच छोटा बर्नर असलेली रेंज घेतली. हा दोष रेंजचा नाही.

आता जोडणीची गोष्ट, जी सांगताना अजूनही थोडा राग येतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू आणि सिलिंडरमधला एलपीजी हे दोन वेगळे गॅस आहेत. एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते, तो हवेपेक्षा जड असतो, आणि त्याचा दाबही सहसा अधिक ठेवला जातो. म्हणून एलपीजीसाठी जेटचे छिद्र बरेच लहान लागते. आमच्या घरी एलपीजी आहे. रेंज कारखान्यातून नैसर्गिक वायूच्या जेटसह आली, बदलण्याचे जेट एका पिशवीत बरोबर होते, आणि जोडणीसाठी आलेल्या माणसाने ती पिशवी न उघडताच ओव्हनमध्ये ठेवून दिली. पहिला बर्नर पेटवल्यावर वीतभर उंच, पिवळ्या टोकांची, सळसळणारी ज्योत उठली. तो म्हणाला, ‘साहेब, हीच तर मोठी रेंज.’ दहा मिनिटांत पातेल्याचे बूड काजळीने काळे झाले.

हे केवळ घाणेरडे नाही, धोक्याचे आहे. नैसर्गिक वायूच्या जेटमधून एलपीजी सोडला तर बर्नरला ठरल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट इंधन मिळते, हवा मात्र तेवढीच राहते. ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. उलट चूक झाली, म्हणजे एलपीजीच्या जेटमधून नैसर्गिक वायू आला, तर ज्योत फक्त मरगळलेली दिसते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावून सर्व जेट बदलून घेतले, ओव्हनचा जेट आणि दाबनियंत्रकातला बदलही करून घेतला, आणि प्रत्येक बर्नरच्या हवेच्या झडपा तो ज्योत पाहत पाहत बसवत गेला. नीट बसलेल्या बर्नरची ज्योत निळी असते, आतला शंकू स्पष्ट दिसतो आणि ती छिद्रांना चिकटून राहते. पिवळी टोके दिसली तर हवा कमी आहे; ज्योत छिद्रांपासून उचलली जाऊन फुरफुरू लागली तर हवा जास्त आहे.

याच वेळी माहितीपत्रकातला आणखी एक बारकावा उलगडला. ठळक अक्षरांतला आकडा नैसर्गिक वायूचा होता, २२,०००. मागच्या पट्टीवर एलपीजीसाठी २०,००० असे छापलेले होते, आणि मधल्या बर्नरचे १५,००० उतरून १४,००० झाले होते. हा फरक अनेक रेंजमध्ये असतो. ज्यांच्याकडे एलपीजी आहे त्यांनी तुलना करताना दुसऱ्या रकान्यातले आकडे घ्यावेत. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांनी तर त्यातूनही काही वजा करावे, कारण हवा विरळ होत जाते तसा बर्नरही उतरवावा लागतो; साधारण दर तीनशे मीटरला चार टक्के असा ठोकताळा वापरला जातो.

जेट बदलूनही एक अडचण उरली. एक मोठा बर्नर लावला तर उत्तम. दोन मोठे आणि ओव्हन एकदम लावले की सर्वच ज्योती बसत. कारण नळीत होते. माझ्या रेंजचे सहाही बर्नर आणि ओव्हन मिळून एलपीजीवर ताशी १,१८,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेचौतीस किलोवॅट लागतात, आणि एक किलो एलपीजीतून साधारण पावणेतेरा किलोवॅट-तास उष्णता मिळते. म्हणजे सर्व काही पूर्ण आचेवर लावले तर तासाला जवळजवळ पावणेतीन किलो गॅस हवा. जुन्या दोन बर्नरच्या शेगडीसाठी घातलेली बारीक नळी आणि तिचा रेग्युलेटर यांना एवढा प्रवाह झेपणे शक्यच नव्हते. रेग्युलेटरवर त्याची क्षमता ताशी किलोमध्ये छापलेली असते, ती मी तोवर कधीही वाचली नव्हती. नळीचा हिशेब आणखी निर्दय आहे: प्रवाह तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर दाबाची घट ढोबळमानाने तीसपट होते. नळी एक माप मोठी केल्याने जे साधते ते बर्नर बदलून कधीही साधणार नाही.

सिलिंडरवाल्यांपुढे याखेरीज आणखी एक मर्यादा आहे, आणि ती नळी बदलून सुटत नाही. सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूप असतो, त्याची वाफ होते ती सिलिंडरच्या भिंतींतून मिळणाऱ्या उष्णतेवर. गॅस झपाट्याने ओढला की द्रव थंड होतो, बाहेरून दव किंवा बर्फाचा पापुद्रा धरतो आणि आतला दाब पडतो. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. म्हणून थंडीच्या दिवसांत ज्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनचा वाटा मोठा, त्याची ही अडचण मोठी. उपाय एकच, द्रवाचा ओला पृष्ठभाग वाढवणे, म्हणजे दोन किंवा अधिक सिलिंडर एका जोडनळीवर एकाच वेळी चालू ठेवणे. आम्ही दोन ठेवतो. हे सारे काम गॅसच्या परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे आणि जोडांची साबणाच्या पाण्याने चाचणी झाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.

चिमणीचा खर्च मी मूळ अंदाजात धरलाच नव्हता. रेंजइतकीच चिमणीही विचारपूर्वक घ्यावी लागते, किंबहुना आधी चिमणी ठरवावी आणि मग तिला झेपेल तेवढी रेंज घ्यावी, असे आता माझे ठाम मत झाले आहे. रूढ ठोकताळा असा, की बर्नरच्या दर १०,००० बीटीयूमागे मिनिटाला १०० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. माझ्या सहा बर्नरची एलपीजीवरची बेरीज ९०,००० होते, म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट, तासाला सुमारे १,५०० घनमीटर. सहाही बर्नर एकाच वेळी पूर्ण आचेवर कोणी लावत नाही हे खरे, तरी याच्या निम्म्यावर समाधान मानू नये. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी अशा रेंजवर निरुपयोगी आहे, कारण तेलकटपणा ती काही प्रमाणात अडवते, पण कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि बाष्प खोलीतच राहतात. बाष्प म्हणजे केवळ पातेल्यातले नव्हे. एक किलो प्रोपेन पूर्ण जळल्यावर १.६ किलोपेक्षा अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होते. पहिल्या हिवाळ्यात खिडक्यांच्या काचांवरून ओघळणारे पाणी पाहून मला याचा साक्षात्कार झाला.

चिमणीचे तोंड रेंजपेक्षा दोन्ही बाजूंना सातआठ सेंटिमीटर रुंद असावे आणि पुढच्या बर्नरवर पुरेसे यावे. पुढच्या बर्नरवर परतताना धूर चिमणीच्या कडेबाहेरून छताकडे निसटत असेल तर आतला पंखा कितीही जोरदार असून उपयोग नाही. पंख्याने बाहेर टाकलेली हवा कुठून तरी आत यायलाही हवी. घट्ट बंद घरात जोरदार चिमणी लावली की ती मिळेल त्या वाटेने हवा ओढते, आणि ती वाट गॅसच्या पाणी तापवायच्या यंत्राचे धुराडे असेल तर त्याचा धूर उलटा घरात येतो. अनेक बांधकाम नियमांत मिनिटाला ४०० घनफुटांच्या पुढच्या चिमणीसाठी भरपाईच्या हवेची सोय सक्तीची केली आहे ती याचमुळे. आम्ही समोरच्या भिंतीत झडपेची जाळी बसवली. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र तर लावायलाच हवे, ते मी ऐच्छिक मानतच नाही.

उपाहारगृहाची जुनी रेंज स्वस्तात मिळते म्हणून ती घरी आणण्याचा मोह मलाही झाला होता. या मोहातूनच घरगुती मोठ्या रेंजचा धंदा उभा राहिला, असे म्हणता येईल: व्हायकिंग कंपनीने धंद्याच्या रेंजच्या धर्तीवरची पण घरासाठी बनवलेली रेंज १९८७ मध्ये बाजारात आणली आणि नंतर इतरही आले. धंद्याच्या रेंजला बाजूंनी आणि मागून उष्णतारोधक थर पुरेसा नसतो, कारण तिच्याभोवती लाकडी कपाटे नसतात असे गृहीत धरलेले असते. तिचे ओव्हनचे दार हात भाजेल इतके तापते, आणि तिच्या जुन्या नमुन्यांत पायलट ज्योत, म्हणजे बर्नर पेटवण्यासाठीची लहान ज्योत, अहोरात्र जळत असते. घराचा विमा असेल तर अशा जोडणीने तोही अडचणीत येऊ शकतो. घरासाठी प्रमाणित नसलेली रेंज घरात आणू नये. यावर चर्चेला जागा नाही.

सुरक्षेतली एक गोष्ट मात्र प्रमाणित रेंजमध्येही तपासून घ्यावी. ज्योत वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या पाण्याने विझली तर गॅस बंद होतो का? थर्मोकपलची सोय असलेल्या बर्नरमध्ये ज्योतीत तापलेल्या एका बारीक दांडीत काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर झडप उघडी राहते. ज्योत गेली, दांडी थंड झाली की झडप मिटते. म्हणूनच असा बर्नर लावताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो. युरोपातल्या घरगुती शेगड्यांना ही सोय प्रत्येक बर्नरला असते. अमेरिकी धाटणीच्या अनेक मोठ्या रेंजमध्ये वरच्या बर्नरना ती नसून, ज्योत विझली तर पुन्हा ठिणगी पडते एवढेच असते, आणि वीज गेलेली असताना तेही होत नाही. माझी रेंज या दुसऱ्या प्रकारची आहे. घरात लहान मुले किंवा विसराळू वडीलधारी माणसे असतील तर मी पहिल्याच प्रकारचा आग्रह धरेन, मग बर्नर दोनचार हजार बीटीयूंनी लहान असला तरी चालेल.

ओव्हनविषयी थोडक्यात. गॅसचा ओव्हन मोठा आहे, ज्वलनाच्या बाष्पामुळे आतली हवा दमट राहते, भाजणे चांगले होते; पण नाजूक बेकिंगसाठी तापमान हवे तितके स्थिर राहत नाही. ज्यांचे बेकिंग नेहमीचे आहे त्यांनी वर गॅस आणि खाली विजेचा ओव्हन असलेली रेंज पाहावी.

सफाईचा प्रश्न उघड्या बर्नरच्या विरोधकांनी जितका वाढवून सांगितला आहे तितका मोठा नाही, आणि समर्थकांनी सांगितला तितका लहानही नाही. जे सांडते ते बर्नरमधून खालच्या तबकात पडते, ते तबक बाहेर ओढून धुता येते, आणि बरेचसे आचेने जळून भुकटी होते. बिडाच्या जाळ्या मात्र जड आहेत. सर्व काढून, घासून, पुन्हा बसवणे हे रविवारच्या सकाळचे काम आहे. रेंजचे वजन दीडशे किलोच्या वर आहे, त्यामुळे ती सरकवून मागची भिंत पुसण्याचा कार्यक्रम दोन वर्षांत एकदाच झाला आणि त्यालाही तीन माणसे लागली. चकचकीत पोलादावर बोटांचे ठसे उमटतात. नॉब पहिल्या वर्षी गरम होत असत, कारण ओव्हनच्या दाराची पट्टी नीट बसली नव्हती. ती बदलल्यावर तक्रार राहिली नाही. सुट्या भागांची उपलब्धता खरेदीपूर्वी विचारून घ्यावी, विशेषतः ठिणगी पाडणारे विजेचे भाग आणि ओव्हनचा पेटवणारा भाग, कारण प्रथम तेच जातात.

ज्यांच्या घरी रोज सहाआठ माणसांचा स्वयंपाक होतो, कढई गोल बुडाची आहे, भिंतीतून बाहेर जाणारी मोठी चिमणी बसवता येते आणि गॅसची नळी बदलण्याची तयारी आहे, त्यांना उघड्या बर्नरची मोठी रेंज मी निःशंकपणे सुचवेन. यांतली चिमणीची अट पुरी होत नसेल तर १५,००० च्या आसपासचा एकच मोठा बर्नर आणि बाकी साधे बर्नर असलेली शेगडी घ्यावी. तिच्यावर परतण्याचे काम पुष्कळ सुधारते आणि नळी, सिलिंडर, चिमणी यांतले काहीही बदलावे लागत नाही. नोकरीमुळे दर दोनतीन वर्षांनी घर बदलणाऱ्यांनी ही रेंज घेऊ नये. आमच्या रेंजमधून काढलेले नैसर्गिक वायूचे जेट मी त्याच पिशवीत, प्रत्येकावर कोरलेले छिद्राचे माप आणि ते कोणत्या बर्नरचे हे चिठ्ठीवर लिहून, रेंजच्या माहितीपुस्तिकेसह कपाटात ठेवले आहेत. आमच्या इमारतीत नळाचा गॅस येणार असल्याचे नुकतेच कळले आहे. या वेळी पिशवी माझ्या हातात असेल.